बसवलेली रीडिंगं

दिघी, ५ फेब्रुवारी २०२४

चि. सुखदा हिस, अ. उ. आ.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो. कंपनीत बाईसाहेब झाल्यापासून भाचीला मामाकडे फिरकायला सवड नाही. चाकण काही परदेशात नाही.

मातीत विरघळणाऱ्या आपल्या पॉलिमरचे पापुद्रे दुसऱ्या प्रयोगशाळेत सहा आठवड्यांनंतर विरघळेनात. आपला शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकानं मूळ वही मागितली आहे. माझ्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तू दर शनिवारी ते उकरून वजन करायचीस, ती वही धाड. संशोधनाच्या अकरा वर्षांत एवढं एकच काम धड झालंय आणि जूनमध्ये मी निवृत्त होतोय.

तुझी वाट पाहणारा,
अनंतमामा

चाकण, ११ फेब्रुवारी

ती. मामांस, सा. न. वि. वि.

वही सोबत आहे. उघडण्याआधी हे वाचा. सहाव्या आठवड्यानंतर वजन घटेचना. मी घाबरले आणि तुमच्या अपेक्षित आलेखावरून उरलेली सहा वजनं घरी बसून लिहिली.

आपण फसवतोय असं तेव्हा वाटलंच नाही. प्रॅक्टिकलला ब्युरेटचं रीडिंग चुकलं की तुम्हीच हळूच सांगायचात, उत्तर बारा यायला हवं, त्यावरून उलटं रीडिंग बसवा, नाहीतर बाहेरचे परीक्षक मार्क कापतील. आम्हाला तुम्ही देव वाटायचात. इथे पहिल्याच महिन्यात तसंच केलं, तर साहेबांनी मशीनवरून उठवलं. तेव्हा डोळे उघडले, पण तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. दोष माझा, असं लिहून देते.

हवं तेवढं रागवा, पण परकी करू नका.
सुखदा

दिघी, ३० मार्च

चि. सुखदा हिस, अ. उ. आ.

शोधनिबंध मागे घेतला. मागे घेण्याच्या पत्रात तुझं नाव घातलं नाही. दया आली म्हणून नव्हे. घातलं असतं, तर तू कुणाकडे शिकलीस हेही लिहावं लागलं असतं. मला तुझा राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही.

परवा प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. मुलांना बजावलं, दिसेल तेच लिहा. एकट्या तेजलनं ऐकलं. बाकीच्यांनी आदल्या बॅचकडून उत्तर आणून रीडिंगं बसवली. परीक्षकांनी सगळ्यांना पास केलं, तेजलला नापास. मी भांडायला गेलो. ते हसून म्हणाले, सर, तुमच्या कॉलेजची रीडिंगं दरवर्षी इतकी छान येतात, हिलाच काय झालं?

तेजल दारातच उभी होती.

आईला नमस्कार सांग. लोभ उरला असेल तर ये.
अनंतमामा