टाळूचं ठिगळ

बाबा, तुमचं चुकलं होतं. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य आज कागदावर उतरवलं आणि बरं वाटलं. तुमचा दातांचा दवाखाना पहाडगंजच्या गल्लीत, दोन हॉटेलांमधल्या अरुंद जिन्यावर. माझं हिरड्यांच्या शस्त्रक्रियांचं क्लिनिक नोएडाच्या नव्या मार्केटात, एका बाजूला पिझ्झा, दुसऱ्या बाजूला मोबाइलचं दुकान. उद्घाटनाला तुम्ही आलात, नव्या खुर्चीवरून हात फिरवलात आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालात, "टाळूचं चांगलं मांस कापायचं आणि हिरडीला ठिगळ लावायचं? याला विद्या नाही, चोचले म्हणतात. चांगल्या जागेला सुरी लावणारा डॉक्टर मी तरी पाहिला नाही." सगळे हसले. मी पेढ्यांचं ताट धरून उभी होते. तो राग मी गिळला खरा, पण अजून पचलेला नाही.

आता आपलं स्वयंपाकघर आठवा. आईच्या खालच्या दाढा गेल्या तेव्हा तुम्ही स्वतः ठसा घेऊन तिला कवळी करून दिलीत. रोज जेवताना विचारायचात, "टोचत नाही ना?" आणि ती म्हणायची, "बिल्कुल नाही." तुम्ही हात धुवून पेपर घेऊन बाहेर बसता, आणि मग ती जेवायला बसते. आधी कवळी काढते, पदराच्या टोकात गुंडाळते, पोळी आमटीत कुस्करते. मी दारात उभी राहून बघते आहे. अर्ध्या दिल्लीच्या तोंडात डोकावलात, बाबा, आणि घरातल्या माणसाची लाल झालेली हिरडी तुम्हाला दिसली नाही! मीही तेव्हा गप्प बसले, ते वेगळं.

तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी ती आपणहून म्हणाली, "मला एकदा पेरू चावून खायचाय." मी तिला इम्प्लांट बसवले. स्क्रू हाडात छान धरले, पण भोवतीची हिरडी इतकी पातळ की ब्रश लागला तरी डोळ्यांत पाणी. म्हणजे ठिगळच हवं होतं, तुमचं नावडतं. जानेवारीत टाळूचा पापुद्रा काढून तिथे शिवला आणि बजावलं, दोन आठवडे फक्त मऊ खायचं. पाचव्या दिवशी संक्रांत होती. आई मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली आणि कडक तिळगुळाच्या वड्या खाऊन आली. संध्याकाळी बघते तर टाके सुटलेले, ठिगळ निसटलेलं. मी ओरडले. ती म्हणाली, "अगं, पाचजणींनी हातावर तिळगूळ ठेवला. सणाला नाही म्हणायचं? कैसी बात करती है!"

त्या क्षणी मला तुमच्या दवाखान्यातला आवाज ऐकू आला. सण आठवड्यावर आला की तुम्ही दात काढायचा नाहीत. दुखणं फार नसेल तर पेशंटला परत पाठवायचात, "दिवाली के बाद आना भाई, अभी मिठाई खाओ." मी कॉलेजात या नियमावर पोट धरून हसले होते.

पण म्हणून मी हरले नाही. पुन्हा केलं, टाळूच्या दुसऱ्या बाजूने. चांगल्या जागेलाच सुरी लावली, ऐकताय ना? टाळू दोन-तीन आठवड्यांत भरून आली, हिरडीही धरली. पेरू आले तेव्हा आईने एक अख्खा, तिखट-मीठ लावून, बियांसकट चावून खाल्ला. तुमच्या फोटोसमोरच बसून खाल्ला. मीच तिला तिथे बसवलं होतं. आज ती ऐंशीला टेकली आहे आणि अजून शेंगदाणे सोडत नाही.

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील, कारण शेवटी एक गोष्ट उरतेच. दुसऱ्यांदा तारीख दिली ती होळी उलटल्यावरची. पुढच्या दोन आठवड्यांत फक्त पाडवा, आणि पाडव्याला श्रीखंड, म्हणजे मऊच. आईला सांगितलं, त्याआधी मला वेळच नव्हता. वेळ भरपूर होता. मी क्लिनिकचं काचेचं दार लावून, पंचांग उघडून सण बघत बसले होते. हे तिला अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला तर मुळीच सांगणार नाही. तुम्ही पाहुण्यांसमोर बोलून दाखवाल.