सासूबाईंसाठी आलेली गाडी

६ जानेवारी, मंगळवार

सासूबाईंनी आज पुन्हा नाही म्हटलं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय. याच महिन्यात ऑपरेशन करा, नाहीतर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. जळगाव जामोदला जायचं, एवढंच. अविनाश चिडून शेतावर निघून गेला. आई त्याची, समजूत मी घालायची.

८ जानेवारी

एका संस्थेची मिनीबस आमच्या सोनाळ्यात आली. मागचं दार उघडलं की लोखंडी पाटा जमिनीवर उतरतो आणि व्हीलचेअर माणसासकट वर जाते. फोन केला की दारात येणार. ड्रायव्हर नागसेन म्हणून आहे. घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या.

११ जानेवारी

केस विंचरताना आज नाही म्हणण्याचं कारण सांगितलं. चार वर्षांनी! पाय गेले त्या साली कंडक्टर आणि एका परक्या माणसाने त्यांना उचलून एसटीत चढवलं होतं. लुगडं गुडघ्यावर गेलं. सारा स्टँड पाहत होता. "डोळे गेले तरी चालन, पण कोनाच्या हातावर चढत नाही."

मी तिथेच होते त्या दिवशी. पिशव्या सांभाळत. मला दिसलंच नाही.

१३ जानेवारी

नागसेनला फोन करून विचारलं, चढवताना हात लावावा लागतो का? कारण सांगितलं नाही. संध्याकाळी तो गाडी घेऊन दारातच आला. रिकाम्या खुर्चीत स्वतः बसला, बटण माझ्या हातात दिलं. वर गेला, खाली आला. सासूबाई खिडकीतून बघत होत्या.

जाताना त्यांना म्हणाला, "माय, बटन तुमची सूनच दाबन. मी स्टेअरिंगवरून उठत नाही."

१६ जानेवारी

गेलो! पाटा हलला तसा त्यांनी पदर दोन्ही हातांनी गुडघ्यांवर दाबून धरला, डोळे मिटले. वर पोचल्यावर हळूच उघडले. जवळ कोणी आलंच नव्हतं. खुर्चीचे पट्टे मी बांधले. मग वाटभर कोणाचं शेत कुठलं ते सांगत होत्या — एका डोळ्याने.

ऑपरेशन २२ तारखेला.

२३ जानेवारी

पट्टी निघाली. माझ्याकडे बघतच राहिल्या. "केवढी वाळली वं तू, पोरी."

३० जानेवारी

आज तपासणीला शेजारच्या शालूबाईला घेऊन गेल्या, मला घरी ठेवलं. परत आल्या त्या बातमी घेऊन. बायकांसाठी गाडीवर मदतनीस बाई हवीय आणि सासूबाईंनी माझं नाव दिलंय. मला न विचारता! आईकडे कोण बघणार, म्हणून अविनाशने विचारलं. "मी पाहीन माह्याकडे. तू भाकरी थापाले शिक."

सोमवारी साडेआठला गाडी माझ्यासाठी येणार.