नळीचं पाणी

३ नोव्हेंबर
यवतमाळ आवडलं. दवाखान्यामागेच खोली मिळाली. घरमालकीणबाईंनी आल्या आल्या पातोडीची झणझणीत भाजी वाढली. मी अमरावतीची असूनही नाक पुसत जेवले.

काम सोपं आहे. स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर आतला जोड गळू शकतो, म्हणून पोटात नळी ठेवतात. ऑपरेशन करणाऱ्या सरांचा अभ्यास असा, की पेशंटला नळीसकट लवकर घरी पाठवायचं आणि रोज फोनवर पाणी किती आलं, कसल्या रंगाचं, ते विचारायचं. विचारणारी मी. माझ्याआधीचे एकोणचाळीस जण ठणठणीत आहेत. चाळिसावा झाला की अभ्यास पुरा, मग माझ्या पायगुणाचा पेढा सरांकडून वसूल करणार.

१४ नोव्हेंबर
चाळिसावे उकंडाभाऊ, घाटंजीकडचे. रोज सकाळी अकराला स्वतःच फोन करतात. इकडे माणूस आधी बरं आहे म्हणतो, दुखणं दुसऱ्या वाक्यात सांगतो, हे मला आता कळलंय. आजचं दुसरं वाक्य असं: "अर्धा गिलास निंगालं म्याडम, कोऱ्या चहावानी दिसून राह्यलं."

फॉर्मवर तीनच चौकटी. पांढुरकं, पिवळट, लालसर. लालसरवर खूण केली की सरांना कळवायचं आणि पेशंटला परत बोलवायचं. सरांना आजच निकाल पाठवायचे होते, सकाळपासून दोनदा विचारून गेले. मी पिवळटवर खूण केली. भाऊंना म्हटलं, काळजी करू नका.

१५ नोव्हेंबर
अकराला फोन आला नाही. दुपारी त्यांची मुलगी वैष्णवी बोलली. पोटात रक्त झालं, घाटंजीहून आणताना वाटेतच गेले.

कोऱ्या चहाचा रंग म्हणजे रक्त. हे मला माहीत होतं. कालही माहीत होतं. फॉर्मवर लिहिलं, 'मृत्यूचा ऑपरेशनशी संबंध नाही'. कुणी काही विचारलं नाही.

२० नोव्हेंबर
अकराला उकंडाभाऊंच्या नंबरवरून फोन. वैष्णवी असेल म्हणून उचलला. आवाज त्यांचा होता. बरं आहे म्हणाले. मग म्हणाले, एक गिलास, कोऱ्या चहावानी. ऑफिसात लख्ख ऊन होतं, शेजारचे क्लार्क शेंगा फोडत होते.

वैष्णवीला फोन केला. बाबांचा फोन त्या दिवसापासून बंद आहे, मायनं पेटीत ठेवला, असं ती म्हणाली.

२१ नोव्हेंबर
दोन गिलास.

२३ नोव्हेंबर
गुंडभर, म्हणजे अख्खी घागर. रागावत नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. एवढंच विचारतात, "लिहिलं ना म्याडम?" मी हो म्हणते. त्यांच्याशीही खोटंच बोलते.

२५ नोव्हेंबर
निकाल मान्य झाले. गळतीनं एकही पेशंट गेला नाही, असं सर सगळ्यांना सांगत होते. आता सगळ्यांनाच असं घरी पाठवणार. पहिले दिग्रसचे नेमसिंगकाका, उद्या दवाखान्यातून सुट्टी. मी सरांना खरं सांगायला गेले होते. सरांनी हातावर पेढा ठेवला. मी खाल्ला.

२६ नोव्हेंबर, पावणेअकरा
नेमसिंगकाका समोर बाकावर बसलेत. नळी सदऱ्याखाली. रोज मीच फोन करीन म्हणाले. बिघडलं तर तुम्ही आहात, म्हणाले —

अकरा
फोन. उकंडाभाऊंचा नंबर नाही. काकांचा आहे. काकांचाच आवाज. बरं आहे. अर्धा गिलास, कोऱ्या —
पण काका समोर आहेत. दोन्ही हातांनी केळं सोलताहेत. माझ्याकडे बघून हसले.

अकरा पाच
सांगायला हवं. सर आतच आहेत. दहा पावलं —
नोकरी जाईल. जाऊ दे. वैष्णवीला कळेल — कळू दे —

ऑटो आला. काका उठले. पिशवी घेतली. हाक मारली तर अजून ऐकू जाईल. मी लिहीतच बसले आहे. उठते. एवढं वाक्य पुरं झालं की उठते, एवढं एक —