एका नंबरचे दोन शेजारी

६ मे

आज कोल्हापुरात आलो. खोली चांगली आहे. खाली कंपनीचं ऑफिस, वर मी. शाहूपुरीतली ही गल्ली दिवसभर गजबजलेली असते, पण मागच्या खिडकीतून कडुनिंब दिसतो. त्या खिडकीशी श्रुतीचं टेबल ठेवायचं ठरवलं. ती आठ वर्षांची आहे. तिची आई संघप्रिया फेब्रुवारीत गेली, तेव्हापासून श्रुती शाहूवाडीकडे आजीच्या घरी आहे. शाळा सुरू व्हायच्या आत तिला इथं आणायचं. त्यासाठीच पुण्याची नोकरी सोडली.

मालक हंबीरराव मोकळा माणूस आहे. मी दारात असतानाच म्हणाले, "आधी मिसळ, मग मशिनी!" त्यांची कंपनी गावोगाव इंटरनेट पुरवते. खूप दिवसांनी पोटभर खाल्लं. रोज लिहायला बहिणीनं सांगितलं आहे. बोलत नाहीस तर निदान लिही, म्हणाली.

८ मे

काम समजून घेतलं. मुख्य राउटर तीन, एका ओळीत. पहिला इथं शाहूपुरीत, दुसरा जोतिबाच्या डोंगरावर, तिसरा शाहूवाडीत. त्यांच्यात एलडीपी चालतं. म्हणजे प्रत्येक राउटर शेजाऱ्याला सांगतो, अमुक ठिकाणी जायचा माल, म्हणजे डेटा, माझ्याकडे देताना त्यावर अमुक लेबल लाव. पण आधी ओळख लागते. दर काही सेकंदांनी एकमेकांना हॅलो म्हणावं लागतं. हॅलो थांबला की शेजारी विसरतो. आणि ओळख पटते ती नंबरावरून, प्रत्येकाचा वेगळा.

जोतिबासाठी एक जादा राउटर तयार ठेवायला सांगितलं होतं. आमच्या शाहूपुरीच्या राउटरचीच सगळी मांडणी त्यात कॉपी केली. नंबर तेवढा डोंगरावर गेल्यावर बदलेन. खोक्याला टेप लावून त्यावर सही केली आणि ड्रायव्हर लालासाब यांच्याबरोबर पाठवून दिलं. मी येईपर्यंत उघडू नका म्हणालो.

संध्याकाळी श्रुतीला व्हिडिओ कॉल केला. आम्ही दोघंही बोलत नाही. ती चित्र काढते, मी बघतो. आम्हाला ते पुरतं. मागून सासूबाई ओरडल्या, "पावणं, जरा बोला की! पैसं पडत्यात व्हय बोलायला?"

१२ मे

दोन दिवस वैताग आहे. जोतिबाचा राउटर आम्हाला सोडतो, धरतो, पुन्हा सोडतो. तारा ठीक आहेत. हॅलो पोचतात. पासवर्ड बरोबर आहे. तरी ओळख टिकत नाही. गिऱ्हाइकांचे फोन थांबत नाहीत. एकानं विचारलं, नेट विकताय का चेष्टा लावलीया. मी ऐकून घेतलं.

दुपारी कारण सुचलं. आमच्याच नंबरचा दुसरा राउटर कुठंतरी चालू असणार. जोतिबाला कधी हा खरा वाटतो, कधी तो. म्हणजे कुणीतरी ते खोकं उघडलं. बरं वाटलं. चूक साधी आहे, उद्या वर जाऊन निस्तरतो.

१३ मे

जोतिबाला गेलो. घाटात लालासाब म्हणाले, "साहेब, काल येताना तोंड मिटत नव्हतं तुमचं, आज का मुकं?" काल मी दिवसभर ऑफिसात होतो. मी बोलत नाही त्यावरचा टोमणा असेल म्हणून सोडून दिलं.

खोकं फळीवर होतं. टेप जशीच्या तशी. माझी सही मध्ये कुठं तुटलेली नाही. खोलीत दुसरं मशीन नाही. खोकं परत आणून माझ्या टेबलाखाली ठेवलं. बुटांना लागलेला गुलाल धुताना नाकी नऊ आले.

१६ मे

खोकं माझ्या पायाशी आहे. त्याला वीज नाही, तार नाही. आणि जोतिबाचा राउटर अजून सांगतो, आमच्या नंबरचे दोन शेजारी आहेत. एक आमच्या बाजूनं. दुसरा पलीकडून, शाहूवाडीच्या बाजूनं.

शाहूवाडीच्या राउटरच्या खोलीची किल्ली सासूबाईंकडे असते. कुणी नवीन मशीन बसवलं का, हे विचारायला फोन केला. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. फार खुशीत होत्या. काल मी येऊन गेलो म्हणून. किती हसलात, किती बोललात, शेजारपाजारच्यांना हाका मारून जयभीम घातलात, असंच येत जावा, म्हणाल्या.

मी काल इथून हललो नव्हतो. ते सांगायला तोंड उघडलं आणि त्यांचा आनंद ऐकून पुन्हा मिटलं. माझ्या या स्वभावाचा मला आज राग आला.

१८ मे

आमच्या राउटरचा नंबर बदलून टाकला. अगदी नवा नंबर. कुणाला सांगितला नाही, कुठं लिहिला नाही. ओळख लागली, टिकली. चहा पिऊन आलो.

त्या दुसऱ्यानंही तोच नंबर घेतला होता.

कीबोर्डच्या काही बटणांवर गुलाल आहे. नंबर टाकताना मी दाबली होती, फक्त त्याच बटणांवर.

२० मे

हंबीररावांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, "प्रसेनजीत, लेका, तू तर लई खुशालचेंडू निघालास की!" काल जेवताना मी सगळ्यांना हसवलं म्हणे. आणि वहिनींना घेऊन आलो ते फार बरं केलं. नोकरी मागताना मी बायको वारल्याचं सांगितलं होतं, तसली चेष्टा पुन्हा करायची नाही, असा दमही भरला.

मी त्यांना सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, ती फेब्रुवारीत गेली. ते हसायचे थांबले. मग इकडंतिकडं बघून म्हणाले, तुमचं काम काय आहे, कुणाला भेटायचंय?

थोड्या वेळानं माझी ओळख पटली. त्यांना मधलं काही आठवत नव्हतं.

संघप्रियाला मी स्वतः खांदा दिला— पुढं लिहवत नाही.

२१ मे

आता तक्रारी येत नाहीत. जोतिबाच्या राउटरनं त्या दुसऱ्यालाच धरलं आहे. तो हॅलो वेळेवर म्हणतो, माझ्यापेक्षा जास्त वेळा. सगळ्या गावांची लेबलं वाटतो. शाहूवाडीची, शाहूपुरीची, सगळी. म्हणतो, माझ्याकडे द्या, मी पोचवतो.

तपासायला मी त्याच्या वाटेनं डेटाची पाकिटं सोडली. एकही पोचलं नाही. परतही आलं नाही. चूक झाल्याचा निरोपसुद्धा नाही. तो घेतो फक्त. हॅलो म्हणतो आणि घेतो.

हंबीररावांना हे दाखवलं. सगळं हिरवं दिसतंय की, म्हणाले. मी टेबलावर मूठ आपटली. त्यांनी मला पुन्हा विचारलं, कोण तुम्ही.

२३ मे

सकाळी सासूबाईंना फोन. कोण बोलतंय म्हणाल्या. प्रसेनजीत म्हणालो. त्या चिडल्या. "आमचं पावणं हितं न्याहारीला बसल्यात. लेक बसलीया शेजारी. थट्टा करताय व्हय म्हाताऱ्या बाईची?"

संघप्रिया गेली तेव्हा त्याच तिच्या उशाशी होत्या.

मग फोन कुणीतरी घेतला. श्वास ऐकू आला. मी काही बोललो नाही, तिकडूनही नाही. आमचं नेहमीचं. मग श्रुती हळूच म्हणाली, "बाबा, तुमीच हाय न्हवं? तो लई बोलतोय." गप्प राहिलो म्हणून तिनं मला ओळखलं.

आई आलीय, म्हणाली. पण तिला काही सांगितलं की ती हं म्हणते, आणि परत विचारलं तर तिला ते माहीतच नसतं. "काईच पोचत न्हाई बाबा तिला." उद्या ते दोघं श्रुतीला कोल्हापूरला आणणार आहेत. टेबल दाखवायला. नंतर तिथून—

फोन काढून घेतला गेला. माझाच आवाज म्हणाला, हॅलो.

२४ मे

स्टँडवर गेलो. शाहूवाडीची गाडी लागली होती. चढताना लालासाबना फोन लावला, कंपनीची गाडी शाहूवाडीला गेली असेल तर त्यांना थांबवा म्हणायला. निघालो कवाच, म्हणाले. साहेब माझ्या शेजारी बसल्यात, पोरगी आईच्या मांडीवर हाय. तुम्ही कोण?

वाटेत चुकामूक झाली तर? परत आलो. टेबल इथं आहे, इथंच येणार ते.

राउटरवर लॉगिन होत नाही. म्हणतो प्रसेनजीत आत आहे.

दुपार

गाडी आली. दारं वाजली. खाली हंबीरराव मोठ्यानं हसतायत, या या वहिनी—

जिन्यावर आहेत. पावलं मी ओळखतो. संघप्रिया डावा पाय जरा ओढायची. तो आवाज आहे. मला खाली धावत जावंसं वाटतं. तिला एकदा बघावंसं—

नाही. श्रुती.

श्रुतीनं विचारलं, वर कोण आहे. माझा आवाज म्हणाला, कुणी नाही, वर कधी कुणी नव्हतंच.

तिला हाक मारली तर मीही तसलाच एक, बोलणारा. गप्प राहिलो तर ती कशी ओळखणार, दाराआडची शांतता कुणाची—

दाराखालून गुलाल येतोय.

ती पायरीवर थांबलीय. वाट बघतेय ती. मला माहीत आहे ती वाट—

दार उघडतो. बोलायचं नाही, नुसता हात पुढं—

कडी बाहेरून लावलीय.

मग हाकच. मोठ्यानं. आयुष्यात मारली नाही इतकी मोठ्यानं. आता. श्रु