डाव्या हाताचा हातमोजा

३ नोव्हेंबर १७४२
ड्यूक नाताळाआधी माझ्याशी डाव्या हाताचं लग्न करणार. नक्की. राजकन्येला उजवा हात देतात, माझ्यासारखीला डावा. मुकुट मिळत नाही, पण चर्च तेच आणि पाद्रीही तोच. मग मला रखेल म्हणायची कोणाची छाती आहे?
त्यांनी तसं बोलून दाखवलेलं नाही. अकरा वर्षांत मला त्यांचं मन कळतं.
संकल्प: डाव्या हातात हातमोजा घालायचा नाही. अंगठी कधीही येईल.

९ नोव्हेंबर
आठ दिवस ड्यूक आले नाहीत. रानडुकरांच्या शिकारीचा मोसम, माणसाला कामं असतात. बरोबर सरदार फॉन रेहांची मुलगी लिझेटा होती, वय एकोणीस. तिला घोड्यावर बसता येईना, म्हणून ड्यूकनी स्वतः शिकवलं. मोठ्या मनाचा माणूस! माझी मोलकरीण उर्सेल म्हणाली, "बाईसाहेब, तुम्हालाही त्यांनीच शिकवलं होतं ना?" उर्सेल फार बोलते.
बोटं गारठली आहेत.

१४ नोव्हेंबर, सकाळी
गवंडी आलेत. माझ्या खोलीतून ड्यूकच्या खोलीत जिना जातो, त्याचं दार विटांनी बुजवताहेत. कारभारी सांगून गेले, "जिन्यातनं गार वारा येतो. तुम्हाला बाधेल म्हणून महाराजांच्या जिवाला घोर." मला रडूच आलं. आई गेल्यापासून माझी एवढी काळजी कोणी केली नव्हती.

दुपारी
गवंड्याला विचारलं, आता पुढचं काम कुठं? म्हणाला, लिझेटाबाईंच्या खोलीत नवं दार पाडायचंय. तिकडं वारा नसणार. उर्सेल म्हणाली, "वारासुद्धा माणूस बघून वाहतो, बाईसाहेब."

२२ नोव्हेंबर
आनंदाची बातमी! कुलीन बायकांच्या मठात मला मानाची जागा दिली आहे. लग्नाआधी माझी प्रतिष्ठा वाढवायची ही युक्ती. ड्यूक पक्के मुत्सद्दी.
उर्सेल पाच संदुका भरत बसली. मी म्हटलं, दोन पुरेत, पंधरा दिवसांत बोलावणं येईल. ती म्हणाली, "असू द्यात. लोकरीचं सगळं घेते."

२६ नोव्हेंबर
निघाले. ड्यूक दारात आले नाहीत. निरोप घेणं त्यांना सोसत नाही.

१ डिसेंबर, मठ
संदुका उघडू दिलेल्या नाहीत. उघडल्या की परत भरा, नसता व्याप. पाच दिवस एकाच झग्यावर आहे. डावी करंगळी सुजली आहे. बोलावणं उद्या येईल.

७ डिसेंबर
इथं जेवायला आल्याच्या क्रमानं बसवतात. मी सहावी. पहिल्या खुर्चीवर सत्तरीच्या रेनाटाबाई, ड्यूकच्या वडिलांच्या वेळच्या. आंबवलेला कोबी वाढून घेत त्यांनी सहज विचारलं, "दार बुजवलं? कारण काय सांगितलं?"
मी म्हटलं, वारा.
"माझ्या वेळी उंदीर होते," त्या म्हणाल्या. शेजारची म्हणाली, "मला धूर सांगितला होता." टेबलावर हशा पिकला. मला हसू आलं नाही.
मग रेनाटाबाईंनी माझा डावा हात हातात घेऊन पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "मोजा घाल, पोरी. मी दोन हिवाळे थांबले होते. बोटं जन्माची दुखतात."
जेवण झाल्यावर उर्सेलला संदूक उघडायला सांगितलं. डाव्या हाताचा हातमोजा तिनं सगळ्यांत वरच ठेवला होता.