घरच्या गोष्टींचा अर्धा तास

८ ऑक्टोबर
उन्हाळ्यापासून एक ओळ नाही. स्वतःचीच माफी मागते. काम होतं हे खरं, पण लिहायला बसलं की उत्तरं द्यावी लागतात.
हरसूलजवळच्या पाड्यावर आज आमच्या संस्थेच्या नागली-बियाण्याच्या महिला गटाची बैठक. मी सुचवलं, शेवटचा अर्धा तास घरच्या गोष्टींना. नवरा, सासू, काय सलतंय ते. सगळ्या हसल्या. अध्यक्ष सखूबाई : "घरचं काढलं तं बियाणं कवा निवडायचं, ताई?" तरी ठरलं. बरं वाटलं.

२२ ऑक्टो.
हिरा बोलली. सखूबाईची सून, एरवी तोंड न उघडणारी. "मी यंदा वीटभट्टीवर जाणार नाय. तो तिथं पिऊन मारतो. इथं वरडलं तर कोणी येतं तरी."
सखूबाई समोरच. बियाणं पाखडणारं तिचं सूप थांबलं नाही. मग, "भट्टीचा मुकादम नवरा-बायकोची जोडीच घेतो. ही नाय गेली तर माझ्या पोराला कोण नेईल?" बाकीच्या खाली मान घालून बियाणं निवडत राहिल्या.
एसटीत एकेक चेहरा आठवला. हिराची सासू, जावा, नणंद, चुलतसासू. परकं कोणीच नाही. एकोपा राहील म्हणून गटात एकाच भावकीतल्या बायका घेतल्या, मीच. "इथलं इथंच राहील" हेही मीच म्हणाले. इथलं म्हणजे तिचं घरच की.

५ नोव्हें.
हिरा नाही. "ताप हाय," धाकटी जाऊ म्हणाली, माझ्याकडे न बघता. अर्धा तास बंद, सर्वानुमते. मी विरोध केला नाही. केला असता तर पुन्हा तिलाच...
निघताना विहिरीवर दिसली. ताप नव्हता. "तुम्ही विचारलं म्हणून बोलले, ताई. तुम्ही तर संध्याकाळी नाशकाला जाता."
"येतेस माझ्याबरोबर?" तोंडातून गेलं.
"कुठं?"


९ नोव्हें.
ऑफिसात सांगितलं. साहेब : "आपलं काम बियाण्याचं. लोकांच्या घरात शिरू नका." तरी नाशकातल्या महिलांच्या निवाऱ्यात फोन केला. जागा आहे. पण तिनं स्वतः हो म्हणायला हवं. आणि ती माझं का ऐकेल आता?
दुपारी फोन. धाकटी जाऊ, दबक्या आवाजात. भट्टीची गाडी परवा सकाळी. सखूबाईनं हिराचं गाठोडं बांधून ठेवलंय. "मी सांगितलं म्हणू नका." तीच, 'ताप हाय' म्हणणारी.

उद्या : पहिल्या एसटीने पाड्यावर. हिराला एकटीला गाठून विचारणं.