मांडी मामाची, उत्तर कुणाचं?

मुरुम, ११ मार्च १९७३

ति. दादांस,
प्रभूच्या नावात सलाम वि. वि.

तुमचा भाचा आता हसतो. झोपेतच जास्त. हे पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जातात. तिथं नुसतं पांढरं ऊन आणि फुफाटा. पण मला रोज एकच स्वप्न पडतं. तो तलाव काठोकाठ भरलाय, कुठं आवाज नाही, आणि पैलतीरावरून आई मला हात करतेय. जाग आली तरी बराच वेळ पावलांना ओल वाटते.

पुनरुत्थानाच्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा ठरलाय. इथल्या देवळात लेकरू मामाच्या मांडीवर देतात, आणि त्याच्या वतीनं उत्तरंही मामाच देतो. आई-अप्पा गेले, माहेर म्हणून मला तुम्हीच. तुमचं मत ठाऊक आहे, बाप्तिस्मा जाणत्यानंच घ्यावा, तोही पाण्यात पुरतं बुडून. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या भावाला माणूस बुडवायला एवढं पाणी लागतं, तर कळंबहून टँकर घेऊनच ये म्हणावं. रागावू नका. पण या.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची मुक्ता

कळंब, २० मार्च

चि. सौ. मुक्तास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

टँकरचा टोला लागला. तुझ्या सासूबाईंना, कडूबाईंना सलाम सांग. पण ऐक. विश्वास म्हणजे वारशानं मिळणारी जमीन नव्हे! पाळकसाहेब विचारणार, पाप सोडतोस का, विश्वास ठेवतोस का. आणि त्या नकळत्या जिवाच्या वतीनं मी होय म्हणायचं? कुणाच्या हक्कानं? मी जाणता झाल्यावर बाप्तिस्म्याला मांजरा नदीत उतरलो, स्वतःच्या पायांनी. वर आलो तेव्हा काठावरची बाभूळसुद्धा मला नव्यानं दिसली. ते दिसणं भाच्याच्या वाट्यातून मी काढून घेऊ? मी येणार नाही.

भांडायला मोकळी आहेस. अबोला मात्र धरू नकोस.
तुझा दादा, बलभीम

मुरुम, ३० मार्च

ति. दादांस,
सलाम वि. वि.

तुमचं पत्र वाचताना टेबलावर मूठ आपटलेली ऐकू आली. दादा, आई गेली तेव्हा मी केवढीशी होते. तुम्ही मला मांडीवर घेऊन प्रार्थना म्हणायचा. मला विचारून नव्हे. अर्थ कळत नव्हता, पण त्या आवाजाच्या उबेत मी झोपून जायचे. अजूनही देव म्हटलं की तीच ऊब आठवते. लेकराला आधी देवाच्या घरात घ्यावं, समज मागून येते, एवढंच आमचं म्हणणं.

पाळकसाहेबांना विचारलं. उत्तरं आईबापांनी दिली तरी चालतात म्हणाले. ती आम्ही देऊ. तुम्ही तोंड मिटून बसायचं. ते तुम्हाला जमेल का, अशी यांना लई शंका आहे. पण मांडी तुमचीच हवी. नाही आलात तर बाळाचे काका पुढं होतील, आणि माझं माहेर संपलं असं मी धरून चालेन.

वाट पाहते.
तुमची मुक्ता

कळंब, २५ एप्रिल

चि. सौ. मुक्तास,
आशीर्वाद वि. वि.

सुखरूप पोचलो. परतीच्या गाडीत येडशी मागं पडली तरी मांडीवर बाळाचं वजन होतंच. खिडकीबाहेर पिवळे माळ धुरात विरघळल्यासारखे सरकत होते. पाळकांच्या हातातलं पाणी त्याच्या टाळूवरून माझ्या धोतरावर उतरलं, तेव्हा त्यानं डोळे उघडून पाहिलं. एवढं निवांत मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. एवढा वेळ गप्प मीही कधी बसलो नव्हतो. व्यंकटरावांची शंका फिटली असेल.

मत बदललेलं नाही. रविवारी तुम्ही दोघांनी कबुली दिलीत. त्याची अजून व्हायची आहे. मोठा झाला की त्याला दोन्ही बाजू सांग. तो स्वतःहून नदीत उतरायचं म्हणाला, तर त्या दिवशी तू काठावर येशील का?

उत्तर टाळू नकोस.
तुझा दादा

मुरुम, १ मे

ति. दादांस,
सलाम वि. वि.

तुमचा प्रश्न वाचून दाखवला. यांनी कपाळाला आठी घातली, सासूबाई तर ताटावरून उठल्या. एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा नसतो, असं मीही मानते आणि मानत राहीन.

तरी येईन. कोरडे कपडे घेऊन काठावर उभी राहीन. एक जोड त्याचा आणि एक तुमचा. त्याचा हात धरून तुम्ही उतरणारच, आणि तोवर तुमचं वय झालेलं असेल.

तुमची मुक्ता